वादी शाब: गाईडचे पैसे घेतले, गाईड दिलाच नाही

ओमानमधल्या वादी शाबला (वादी म्हणजे डोंगरातली पाण्याची दरी) प्रवेश तिकीट नाही. वाटेतल्या बिम्मा सिंकहोललाही, म्हणजे जमीन खचून झालेल्या पाण्याच्या मोठ्या खड्ड्यालाही, नाही. मस्कतहून सूरकडे जाणारा हायवे वादीच्या तोंडापर्यंत पक्का डांबरी आहे, साधी सेदान आरामात जाते, फोर बाय फोर लागत नाही. तिथे पैसे मोजावेत अशी एकच गोष्ट आहे: ते पाणी ओळखणारा माणूस बरोबर असणं. आमच्याकडून प्रवेशाचे, फोर बाय फोरचे, विम्याचे, सगळ्याचे पैसे घेतले आणि नेमका तो माणूस दिला नाही. पाण्यात वहिनीचा जीव कसा वाचला ते आम्हालाच माहीत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. सुट्ट्यांत तिकडे जाणारे खूप आहेत.

आम्ही मस्कतला राहतो. डिसेंबरमध्ये दादा, वहिनी आणि भाचा आले होते. भाच्याने व्हिडिओ बघून वादी शाबचाच हट्ट धरला. गाडी आमची होती, रस्ता माहितीचा होता. तरी गाईड घ्यायचं ठरवलं, कारण वहिनीला पोहता येत नाही आणि तिथला शेवटचा टप्पा पाण्यातूनच करावा लागतो. हायवेच्या पुलाखाली गाडी लावायची, छोट्या बोटीने पलीकडे जायचं, मग खजुराच्या बागा आणि फलजच्या (इथल्या पारंपरिक सिंचनाच्या) पाटाच्या कडेने साधारण पाऊण तास चालायचं. पुढे दरी अरुंद होत जाते. दोन्ही बाजूंना उभे कडे, पायाखाली पाण्याने घासून गुळगुळीत झालेला चुनखडक. मग एकामागून एक डोह. कुठे पाणी कमरेपर्यंत, कुठे छातीपर्यंत, आणि मध्येच पाय टेकत नाहीत. सगळ्यात शेवटी कड्यात डोकं जेमतेम मावेल एवढी फट आहे. तिच्यातून पोहत आत गेलं की गुहा, आणि गुहेत धबधबा. जागा खरोखर अप्रतिम आहे. त्या जागेबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

सहलीची जाहिरात आमच्याकडे एका मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवरून फिरत फिरत आली. फोन केला तर पलीकडे अस्खलित मराठी. "ताई, तुम्ही बिनधास्त राहा. आपलीच माणसं आहात, मी तुम्हाला परक्यासारखं कसं वागवेन?" वहिनीला पोहता येत नाही हे मी पहिल्याच वाक्यात सांगितलं. त्यावर तो म्हणाला, की गाईड परवानाधारक आहे, जीवरक्षकाचं प्रशिक्षण झालेला आहे, पोहता न येणाऱ्यांना तो स्वतः हात धरून नेतो. फोर बाय फोर गाडी, लाइफ जॅकेट, कोरड्या बॅगा, जेवण, विमा, सगळं धरून माणशी 25 रियाल. पाच जणांचे 125 रियाल, म्हणजे ₹27,000च्या आसपास. परदेशात आपल्या भाषेत कोणी धीर दिला की मन लगेच निवांत होतं. ही माणसं त्याच निवांतपणाचा धंदा करतात, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे.

मी गाईडचा परवाना मागितला, त्याने कार्डाचा फोटो पाठवला. विम्याचा कागद मागितला, तोही आला. ॲडव्हान्स मात्र त्याला भारतातल्या खात्यावर यूपीआयने हवा होता. कारण दिलं, की इथे बिल केलं तर 5 टक्के व्हॅट लागेल, तो तुमचा वाचेल. दादाने ₹13,000 पाठवले. पैसे ज्या नावावर गेले ते नाव फोनवर बोलणाऱ्याचं नव्हतं. विचारल्यावर "आमच्या अकाउंटंटचं आहे" असं उत्तर आलं. उरलेली रक्कम सहलीच्या दिवशी रोख द्यायची होती.

ठरलेल्या तारखेच्या आधी हवामान खात्याचा पावसाचा इशारा आला. मी फोन करून तारीख पुढे ढकला म्हटलं. तो म्हणाला, "ताई, तिकडे कडक ऊन आहे, इशारे रोजच येतात. आता रद्द केलं तर ॲडव्हान्स जाईल." आम्ही ठाम राहिलो, तेव्हा माणशी 3 रियाल वाढवून त्याने तारीख बदलली. इथे जरा थांबून सांगते, कारण सगळ्यात घातक गोष्ट हीच आहे. ओमानमधले हे डोंगर उघडेबोडके खडकाचे आहेत. वर पडलेलं पाणी मुरायला माती नाही, अडवायला झाडी नाही, त्यामुळे सगळं पाणी एकदम दरीत उतरतं. वादीच्या तोंडाशी लख्ख ऊन असतं आणि तेव्हाच वर कुठेतरी पाऊस कोसळत असतो. 2024च्या एप्रिलमध्ये ओमानमध्ये आलेल्या पुरात शाळकरी मुलांसह अनेकांचे जीव गेले. अरुंद दरीत पोहत असताना वरून लोंढा आला तर बाहेर पडायला वाटच नसते. पावसाचा इशारा असताना पैसे बुडण्याची भीती घालून जो माणूस लोकांना दरीत पाठवायला निघतो, त्याला त्यांच्या जिवाची किती काळजी असेल ते तिथेच कळतं.

सहलीच्या दिवशी सकाळी सातला येणारी गाडी साडेनऊला आली. फोर बाय फोर नव्हतीच, साधी सात सीटर होती. ड्रायव्हर एकटाच. गाईड कुठे विचारलं तर "तिकडे भेटेल" म्हणाला. निघण्याआधी त्याने हिशोबाप्रमाणे उरलेली रोख मोजून घेतली आणि वर माणशी 5 रियाल "एंट्री आणि बोट" म्हणून मागितले. मी एजंटला फोन लावला. तो म्हणाला, सरकारी फी आहे, नुकतीच सुरू झाली. बिम्मा सिंकहोलला उतरलो तेव्हा ना गेटवर कोणी अडवलं, ना तिकिटाची खिडकी दिसली. वादी शाबला बोटवाल्याने जाऊन-येऊन माणशी 1 रियाल मागितला, तोही आम्हीच दिला. ड्रायव्हर म्हणाला, बोटीचे पैसे मला दिलेले नाहीत.

गाईड पलीकडच्या काठावर नव्हता. वाटेत कुठेही नव्हता. बोटीत बसण्याआधी गाडीपाशीच ड्रायव्हरला मी शांतपणे बसवून विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं, की त्याला दिवसाचे ठरावीक पैसे मिळतात, पाहुण्यांना सोडायचं आणि संध्याकाळी परत न्यायचं एवढंच त्याचं काम. गाईडबद्दल त्याला कोणी काही बोललेलं नव्हतं. त्याला स्वतःला पोहताही येत नव्हतं. त्या मुलाचा यात काही दोष नाही, हे मुद्दाम लिहिते. डिकीतून त्याने पाच लाइफ जॅकेट काढून दिली आणि त्यांचं भाडं म्हणून माणशी 2 रियाल घ्यायला सांगितलंय म्हणाला. तेही दिले, कारण जॅकेटशिवाय वहिनीला पाण्याजवळसुद्धा जाऊ द्यायचं नव्हतं.

चालत डोहांपर्यंत पोहोचलो. आमचं ठरलं होतं, की वहिनीने पहिल्या उथळ पाण्यापाशीच बसायचं. पण तिथे पुष्कळ लोक होते, लहान मुलंही जॅकेट घालून पुढे जात होती, पाणी कमरेइतकं होतं. वहिनी दादाचा हात धरून हळूहळू आत आली. एका वळणावर तळ अचानक संपला. तिच्या जॅकेटला तीन बकल होती. मधल्या बकलचा एक दात तुटलेला होता आणि तिथे पांढऱ्या नायलॉनच्या दोरीची गाठ मारलेली होती. पाय सुटल्याबरोबर ती गाठ निसटली, जॅकेट वर सरकलं आणि थेट तिच्या कानापर्यंत आलं. तिचे दोन्ही खांदे त्या फोममध्ये अडकले, हनुवटी वर, तोंडावर पाणी. ओरडायला तोंड उघडलं की पाणी आत. दादाने तिला धरलं तर भीतीने ती त्यालाच खाली ओढायला लागली. माझे मिस्टर आणि मी काही हातांवर होतो, पण तेवढं अंतर कापता येईना.

दुसऱ्या एका ग्रुपचा ओमानी गाईड कपारीवर उभा होता. त्याच्या खांद्याला तरंगणारी लाल नळी होती. त्याने आधी ती नळी दादाकडे फेकली, मग स्वतः पाण्यात उतरून वहिनीच्या मागून आला, तिच्या काखेतून हात घालून तिचं डोकं आपल्या छातीवर टेकवलं आणि पाठीवर पोहत तिला खडकापर्यंत आणलं. पुढून गेला नाही. नंतर त्याने सांगितलं, की बुडणाऱ्याला पुढून धरलं तर तो मिठी मारतो आणि दोघेही जातात. सगळं मिनिटभरात झालं असेल. वहिनी खडकावर बसून बराच वेळ खोकत राहिली. तिची बोटं त्या माणसाच्या बाहीत इतकी घट्ट रुतली होती, की एक एक करून सोडवावी लागली.

स्वतःची माणसं सांभाळत सांभाळत त्या गाईडने आम्हाला जे सांगितलं, ते आमच्या 125 रियालमध्ये आम्हाला मिळायला हवं होतं. जॅकेट घातल्यावर कोणाला तरी दोन्ही खांद्यांवर धरून ते वर ओढायला सांगायचं. ते हनुवटीच्या वर गेलं तर माप चुकलं, पाण्यात ते कामाचं नाही. आतल्या लेबलवर वजनाची मर्यादा छापलेली असते. वहिनीच्या जॅकेटवर ते लेबल कापून टाकलेलं होतं. बकल ओढून बघायचं, दोरीने बांधलेलं असलं तर सरळ परत करायचं. फोम दाबून बघायचा, दाबल्यावर दबलेलाच राहिला तर तो मेलेला आहे. पोहता न येणाऱ्याने कुठल्या डोहापर्यंत जायचं हे त्याच्या ग्रुपमध्ये निघण्याआधीच ठरलेलं होतं, आणि त्या डोहाशी बसवलेल्या लोकांजवळ त्याचा दुसरा माणूस थांबला होता. गाईड म्हणजे हे.

आमच्या एजंटने पाठवलेला परवान्याचा फोटो मी त्याला दाखवला. त्याने तो मोठा करून बघितला. कार्डाचा नंबर आणि मुदतीची तारीख ज्या ठिकाणी असते, बरोबर तिथेच एजन्सीचा लोगो चिकटवलेला होता. मग विम्याचा कागद. त्यातला इंग्रजी मजकूर लहान अक्षरात होता, पण गाडीचा नंबर स्पष्ट दिसत होता. तो नुसता वाहनाचा विमा होता, प्रवाशांच्या पोहण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. जाहिरातीतले फोटोही त्यांचे नव्हते. उंच कड्यावरून डोहात झेपावणाऱ्या माणसाचा जो फोटो होता, तो 2012 साली वादी शाबमध्ये झालेल्या रेड बुल क्लिफ डायव्हिंग स्पर्धेतला निघाला, मिस्टरांनी रात्री शोधून काढला.

आम्ही पुढची गुहा न बघताच परतलो. भाचा रस्ताभर एक शब्द बोलला नाही.

त्या रात्री एजंटला फोन केला. आधी म्हणाला गाईड अचानक आजारी पडला. तासाभराने म्हणाला गाईड बोटीपलीकडे उभा होता, तुम्हीच त्याला टाकून पुढे गेलात. वहिनीबद्दल सांगितलं तर, "ताई, पोहता येत नव्हतं तर पाण्यात उतरायचंच कशाला?" पहिल्याच फोनवर सांगितलेली गोष्ट तो आमच्याच अंगावर टाकत होता. दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांचे नंबर ब्लॉक.

ओमानमध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे, तिथे तक्रार करता येते. पण तक्रारीला समोर कंपनी लागते. आमच्याकडे जे "व्हाउचर" होतं त्यावर नाव मोठ्या रंगीत अक्षरात होतं आणि सीआर (कमर्शियल रजिस्ट्रेशन, म्हणजे व्यवसाय नोंदणीचा) नंबर कुठेच नव्हता. इथे नोंदणी झालेल्या प्रत्येक कंपनीला सीआर नंबर असतो. बुकिंग करताना तो मागा, आणि द्यायला टाळाटाळ झाली तर फोन ठेवून द्या. गाईडचं कार्ड न झाकलेलं मागा, त्याचं नाव विचारा, आदल्या दिवशी त्याच्याशी स्वतः बोला. खरा गाईड तुम्हालाच उलट प्रश्न विचारतो: कोणाला पोहता येतं, कोणाला दमा आहे, मुलांचं वय काय, बूट कसले आहेत. आमच्या एजंटने पैशाखेरीज एकही प्रश्न विचारला नव्हता. पैसे मस्कतच्या कंपनीच्या खात्यावरच द्या. व्हॅट वाचवतो म्हणणारा बिल टाळतो आहे, आणि बिल नसलं की तुमच्या हातात काही राहत नाही.

दादाने भारतात 1930 या सायबर हेल्पलाइनवर आणि पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. ज्यांचे पैसे यूपीआयने गेले आहेत त्यांनी हा फोन पहिल्या काही तासांतच करावा, कारण पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता आलं तरच काही हाती लागतं. आम्ही एजंटच्या उत्तरांची वाट बघत बसलो तेवढ्यात खातं रिकामं झालं होतं. चॅट, व्हॉइस नोट, कार्डाचा फोटो, त्या तुटक्या बकलचा फोटो, सगळं आम्ही जपून ठेवलं आहे आणि पर्यटन मंत्रालयाकडेही पाठवलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

परवा एका मैत्रिणीने मला नवीन जाहिरात पाठवली. एजन्सीचं नाव वेगळं, नंबर वेगळा. कड्यावरून झेपावणाऱ्या माणसाचा फोटो तोच, "आपलीच माणसं" हे शब्द तेच, दर माणशी 22 रियाल. ईदच्या सुट्टीचं बुकिंग सुरू आहे असं खाली लिहिलं होतं. तिच्या घरातून सहा जण जाणार होते, त्यांनी रद्द केलं आहे. तुमच्यापर्यंत ही जाहिरात आली असेल तर ज्या ग्रुपवर आली तिथेच हा अनुभव टाका.