ऑर्डर सरासरीकडे का सरकते? कोणतं मॉडेल घ्यावं?

खरेदी सांभाळणारी माणसं अनिश्चित मागणीपुढे चुकीची ऑर्डर का देतात, याची बरीच मॉडेलं आहेत. बहुतेकांची सुरुवात श्वाइत्झर आणि कॅशॉन या संशोधकांच्या २००० सालच्या प्रयोगातून होते. मागणी १ ते ३०० मधला कुठलाही आकडा, सगळ्यांना सारखी संधी. विक्री १२ ला, उरलेला माल शून्य किमतीचा. खरेदी ३ ला पडत असेल तर २२५ नग मागवणं योग्य, ९ ला पडत असेल तर ७५. लोकांनी मागवले सरासरी १७७ आणि १३४. दोन्हीकडून ओढ १५० कडे, म्हणजे मागणीच्या सरासरीकडे.

तोट्याची धास्ती हे सगळ्यांच्या तोंडी असलेलं स्पष्टीकरण इथेच अडतं. धास्तीच असती तर दोन्ही वेळा ऑर्डर कमी पडली असती. कमी नफ्याच्या मालाची ती उलट वाढली.

मग उरतं काय? एक, सरासरीपासून सुरुवात करून पुरेसं पुढे न सरकणं. दोन, कालच्या मागणीमागे धावणं. तीन, श्युआनमिंग सू यांचं २००८ चं मॉडेल: माणूस चांगला पर्याय जास्त वेळा निवडतो, पण दर वेळी नाही. चार, फाजील आत्मविश्वास, म्हणजे मागणी खरोखर जेवढी वरखाली होते त्यापेक्षा कमी होईल असं मानणं. पाच, माल उरण्याची आणि कमी पडण्याची मनाला लागणारी बोच.

सरासरी ऑर्डरवरून यातलं एक निवडायला गेलात तर फसाल, कारण सरासरी ही पाचही बऱ्यापैकी जुळवून दाखवतात. फरक दिसतो तो एकाच माणसाच्या लागोपाठच्या ऑर्डरींत. आजची ऑर्डर आणि कालची मागणी यांचा सहसंबंध, म्हणजे दोन्ही आकडे किती प्रमाणात एकत्र वरखाली होतात ते, काढा. ‘ऑर्डर कालच्या मागणीच्या दिशेने किती वेळा सरकली’ हे मात्र मोजू नका. मनाला येईल तसे आकडे टाकले तरी ती त्या दिशेने सरकल्यासारखी दिसते. सहसंबंध ठळक असेल तर दुसरं मॉडेल घ्या. त्यावरचा उपायही स्वस्त आहे: बोल्टन आणि काटोक यांच्या २००८ च्या प्रयोगात एकदा ठरवलेली ऑर्डर दहा फेऱ्या तशीच ठेवायला लावली, तेव्हा निर्णय सुधारले.

सहसंबंध नाही, पण ऑर्डरी विखुरलेल्या? मग सू यांचं मॉडेल. गणिताला ते सर्वांत देखणं आहे. माझा मात्र त्याच्यावर एकट्यावर भरवसा नाही. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये तोच प्रश्न दुकानदारीच्या भाषेत आणि नुसत्या आकड्यांत विचारला, तर वागणूक बदलली. सू यांच्या मॉडेलमधल्या निव्वळ यादृच्छिक, म्हणजे कुठलाही नेम नसलेल्या, चुकांना प्रश्नाच्या मांडणीशी देणंघेणं नसायला हवं.

ऑर्डरी एकाच आकड्याला चिकटून असतील तर चौथं आधी तपासा. मागणी कुठून कुठपर्यंत जाईल असं खरेदीदाराला विचारा आणि जुन्या नोंदींशी ताडून पाहा. त्याचा पल्ला अरुंद निघाला, तर त्याच्यापुढे एक अंदाज न ठेवता मागणीचा पूर्ण विस्तार ठेवा. पल्ला बरोबर असेल तर पहिलं किंवा पाचवं, आणि त्या दोघांना वेगळं करायला नुसत्या नोंदी पुरत नाहीत, छोटा प्रयोगच करावा लागतो.