रेणूंचं मॉडेल किट: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि सुट्या कार्बनचं दुखणं

स्टार्च आणि सेल्युलोज यांतला फरक दाखवायला बसले आणि कार्बनचा एक गोळा भोकापाशी उभा चिरला. या किटमध्ये कार्बनचे काळे गोळे मोजून 24 आहेत. दोन ग्लुकोज जोडून स्टार्चमधला तुकडा, म्हणजे माल्टोज, करायला 12 कार्बन लागतात. सेल्युलोजमधला तुकडा, सेलोबायोज, करायलाही 12 लागतात. दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचे तर डबीत एकही काळा गोळा उरत नाही, आणि एक चिरला की तुलनाच होत नाही. ऑक्सिजन पुरतात, हायड्रोजन तर उरतात. नेमका कार्बन कमी पडतो.

कंपनीला फोटोसकट मेल केला. उत्तर आलं की वापरामुळे झालेली झीज वॉरंटीत बसत नाही आणि सुटे कार्बन विकत मिळत नाहीत. हायड्रोजनचं सुटं पाकीट मिळेल, जोडकाड्यांचं मिळेल, कार्बनसाठी मात्र पूर्ण नवा संच घ्यावा लागेल. पुन्हा लिहिलं, तेच उत्तर पुन्हा आलं. एका गोळ्यासाठी आख्खा संच घेणं मला पटत नाही आणि मी तो घेतलेला नाही.

हायड्रोजनला एकच भोक असतं. तो टोकाला बसतो, त्याच्यावर काही ताण येत नाही. कार्बनला चार भोकं असतात, प्रत्येक साखळी, प्रत्येक कडं त्याच्यातूनच जातं आणि रेणू मोडताना प्रत्येक ओढ त्यालाच बसते. जो गोळा सगळ्यांत आधी जाणार, तोच सुटा मिळत नाही. कार्बनी संयुगं शिकवायला बनवलेल्या वस्तूत ही चूक मला फार मोठी वाटते. शाळेच्या पुस्तकात मालिकाबंधन शक्ती, म्हणजे कार्बनची एकमेकांना जोडून लांब साखळ्या करण्याची ताकद, वाचलेल्या कुणालाही कळेल की इथे कार्बनच जास्त लागणार. कोलेस्टेरॉलमध्ये 27 कार्बन असतात, म्हणजे नव्या कोऱ्या संचातही तो होत नाही. पामिटिक आम्लाचे 16 एकदा लावले की दुसऱ्या मेदाम्लासाठी 8 उरतात.

आता चांगलं काय ते सांगते, कारण तेही पुष्कळ आहे.

काळ्या गोळ्याची भोकं 109.5 अंशांवर अचूक पाडलेली आहेत. सहा कार्बनचं कडं जोडलं की ते सपाट राहतच नाही, हातातच खुर्चीच्या आकारात वळतं. कागदावर वर्षानुवर्षं षटकोन काढणाऱ्याला हे एकदा तरी बघायला मिळावं. ग्लुकोजचं बीटा रूप बांधलं तर सगळे मोठे गट कड्याच्या बाहेरच्या बाजूला पसरतात, कुणाचीच कुणाला अडचण होत नाही. मग पहिल्या कार्बनवरचा एकच ऑक्सिजन बाहेरून काढून खाली लावायचा, की अल्फा रूप तयार. अल्फा जोडणीने साखळी वळत जाते, तो स्टार्च. बीटा जोडणीत दर दुसरं ग्लुकोज उलटं बसतं आणि साखळी सरळ निघते, ते सेल्युलोज. पहिली जोडणी आपल्या लाळेतलं अमायलेज तोडतं. दुसरी तोडणारं विकर आपल्या शरीरात तयारच होत नाही. धान्य पचतं आणि लाकूड पचत नाही याचं कारण एका कार्बनवरची एक दिशा आहे, आणि हे किट ते बोटांना समजावतं.

ॲलनिन या अमिनो आम्लाचंही तसंच. मधल्या कार्बनवरचे कोणतेही दोन गट आपसांत बदलले की आरशातलं रूप तयार होतं, आणि ते मूळच्यावर कितीही फिरवून बसवलं तरी बसत नाही. पेशीतले रायबोसोम प्रथिनं बांधताना या दोन आरसा-रूपांतलं एल नावाचं रूपच वापरतात. डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफने 1874 मध्ये, वयाच्या 22 व्या वर्षी, कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) कोपऱ्यांकडे जातात असं मांडलं, तेव्हा त्यानेही पुठ्ठ्याची मॉडेलं करून इतरांना पाठवली होती. त्याआधी 1865 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ होफमानने लंडनच्या व्याख्यानात क्रोकेचे चेंडू वापरून रेणू दाखवले, पण त्याचा मिथेन सपाट होता. रंग मात्र त्याचेच टिकले: कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा.

दुहेरी बंधाबद्दल माझं मत मध्येच बदललं. यात दुहेरी बंधासाठी सपाट, तीन भोकांचा कार्बन दिलेला नाही. चार भोकांच्याच दोन गोळ्यांमध्ये दोन लवचिक काड्या वाकवून लावायच्या. सुरुवातीला मला ही काटकसर वाटली आणि पाच ताऱ्यांच्या गुणांकनातला एक तारा मी त्यासाठीच कापला होता. पण वाकड्या काड्या लावल्यावर तो बंध फिरत नाही, आणि सिस (गट बंधाच्या एकाच बाजूला) व ट्रान्स (विरुद्ध बाजूंना) रूपं वेगळी का राहतात ते लगेच दिसतं. व्हान्ट हॉफने स्वतः दुहेरी बंध असाच मांडला होता, दोन चतुष्फलकांची एक कड सामाईक धरून. तो तारा मी परत देत आहे.

त्याहून मोठा आनंद पेप्टाइड बंधाने, म्हणजे प्रथिनात अमिनो आम्लं जोडणाऱ्या बंधाने, दिला. एकेरी काडीने कार्बन आणि नायट्रोजन जोडले तर साखळी कशीही गरगर फिरते, आणि खऱ्या प्रथिनात तसं होत नाही. तिथे कार्बन-नायट्रोजन बंध एकेरीपेक्षा आखूड असतो, त्याला दुहेरीचा गुण असतो, म्हणून तो भाग सपाट राहतो. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ पॉलिंगने हा सपाटपणा धरून ठेवला म्हणून त्याला अल्फा हेलिक्स, प्रथिनाच्या साखळीची मळसूत्री गुंडाळी, सापडली. कोरी आणि ब्रॅन्सन यांच्यासह त्याने ती 1951 मध्ये प्रसिद्ध केली. या किटमध्ये अमोनियमसाठी चार भोकांचे निळे गोळे आहेत. त्यांतला एक घ्या, कार्बनशी दोन वाकड्या काड्यांनी जोडा आणि त्याच कार्बनला ऑक्सिजन एकाच काडीने लावा. बंध घट्ट बसतो. ऑक्सिजनचं जे एक भोक रिकामं राहतं तिथे ऋण प्रभार, चौथा बंध घेतलेल्या नायट्रोजनवर धन प्रभार. संस्पंदनातलं (एकाच रेणूचे बंध दोन तऱ्हांनी मांडता येतात त्यांतलं) दुसरं रूप टेबलावर उभं राहतं. सूचनापुस्तिकेत याचा उल्लेखही नाही, तो असायला हवा.

बेन्झीन मात्र इथे नीट होत नाही. आलटून पालटून वाकड्या आणि सरळ काड्या लावल्या की बंध लांब-आखूड दिसतात, प्रत्यक्षात सहाही सारखे, सुमारे 140 पिकोमीटरचे असतात. बंधाची ताकदही कळत नाही. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे सुमारे 350 किलोज्यूल लागतात, सिलिकॉन-सिलिकॉनला सुमारे 225. साखळ्या कार्बनच्याच का टिकतात याचं बरंचसं उत्तर या आकड्यांत आहे, आणि किटमध्ये सगळ्या काड्या सारख्याच जोराने निघतात. तो दोष मी कंपनीला लावत नाही, कुठल्याच गोळे-काड्यांच्या संचात ते दिसणार नाही.

चिरलेला गोळा फेकलेला नाही. काडीच्या टोकाला पातळ टेपचा एक वेढा दिला की ती बसते. तडा गेलेल्या भोकात फक्त हायड्रोजन लावते, कारण तिथे ओढ कमी असते, आणि बाकीची तीन भोकं साखळीसाठी वापरते. रेणू मोडताना काडी सरळ न खेचता हलकेच फिरवत काढायची. हे केल्यापासून दुसरा कार्बन चिरलेला नाही.

पाचपैकी साडेतीन. अचूक कोनांसाठी आणि चार भोकांच्या नायट्रोजनसाठी घ्या. फक्त घेण्याआधी विक्रेत्याला एवढं विचारा की सुटे कार्बन मिळतील का, आणि उत्तर लेखी घ्या. शर्करा किंवा मेद शिकवणार असाल तर 24 कार्बनचा संच घेऊच नका, 40 च्या पुढचा बघा.