साठीनंतर मेंदूसाठी काय निवडाल: चालणं, वजनं, योगासनं की फुगडी?

ओळखीच्या माणसाचं नाव ऐन वेळी आठवेनासं झालं की मनात भीती शिरते. डॉक्टर सांगतात, "रोज व्यायाम करा." कोणता, ते बहुधा राहूनच जातं. मग शेजारचे काका चालायला जातात म्हणून आपणही जातो, किंवा सुनेनं योगवर्गात नाव घातलं म्हणून तिकडे. शरीर हलतंय हे चांगलंच. पण स्मरणशक्ती टिकवणं हा हेतू असेल, तर या पर्यायांत फरक आहे. 60 वर्षांवरच्या भारतीयांत डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती ढासळत जाण्याच्या आजाराचं, प्रमाण सुमारे 7.4 टक्के, म्हणजे जवळपास 88 लाख माणसं, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या घरांचा प्रश्न असताना निवड जरा पारखून करावी, असं मला कळकळीनं वाटतं.

भरभर चालणं

सगळ्यात भक्कम पाया याचाच. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो. नव्या आठवणी तिथे पक्क्या होतात आणि उतारवयात तो वर्षाला साधारण 1 ते 2 टक्के आक्रसत जातो. अमेरिकेत 55 ते 80 वयाच्या 120 जणांवर वर्षभर एक प्रयोग झाला. तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्मे लोक आठवड्यातून तीनदा 40 मिनिटं चालले, निम्म्यांनी अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटाचा सुमारे 1.4 टक्क्यांनी घटला. ज्यांचा तो अधिक वाढला, त्यांच्या रक्तात बीडीएनएफ हे प्रथिनही अधिक वाढलेलं दिसलं. मेंदूतल्या पेशी जगवायला आणि त्यांचे जोड घट्ट करायला ते लागतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी: स्मृतीच्या चाचणीत दोन्ही गट सुधारले होते. म्हणजे आकार वाढला तेवढी आठवण वाढली, असा सरळ हिशेब मांडता येत नाही.

बागेत गप्पा मारत, दर फेरीला बाकावर टेकत केलेला फेरफटका यात मोजू नये. मन त्यानं प्रसन्न होतं आणि त्याची किंमत आहेच, पण हृदयाची गती वाढायला हवी. चालताना बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत वेग पुरेसा. ब्रिटनमधल्या 78 हजारांहून अधिक लोकांच्या मनगटी यंत्रांच्या नोंदींत दिवसाला सुमारे 3,800 पावलांपासूनच डिमेन्शियाचा धोका कमी दिसला आणि 9,800 च्या आसपास तो सगळ्यात कमी होता. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. तरीही दहा हजारांचा आकडा पाहून ज्यांचे पाय मागे येतात, त्यांना यातून धीर मिळावा.

वजनं, म्हणजेच ताकदीचे व्यायाम

माझ्या मते आपल्याकडे सर्वात दुर्लक्षित पर्याय हाच. "या वयात वजनं कशाला?" हे वाक्य घराघरात ऐकू येतं, विशेषतः बायकांना. व्हँकुव्हरमध्ये तर 65 ते 75 वयाच्या 155 स्त्रियांनाच घेऊन वर्षभर प्रयोग झाला. एका गटानं आठवड्यातून एकदा आणि दुसऱ्यानं दोनदा वजनांचे व्यायाम केले, तिसऱ्यानं तोल सांभाळण्याचे आणि अंग ताणण्याचे. "लाल" हा शब्द निळ्या शाईत लिहिलेला असताना शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा, अशा चाचणीत वजनांचे दोन्ही गट 11 ते 13 टक्क्यांनी सुधारले, तिसरा होता तिथेच राहिला. नको ते बाजूला सारून हवं तेवढंच ध्यानात धरण्याची ही क्षमता. मंडईच्या गलक्यात सुट्ट्या पैशांचा हिशेब ठेवताना तीच कामी येते. सिडनीत विस्मरणाची सौम्य तक्रार असलेल्या 100 जणांवर सहा महिन्यांचा प्रयोग झाला. तिथेही वजन टप्प्याटप्प्यानं वाढवत नेणाऱ्यांची एकूण आकलनक्षमता सुधारली.

शिवाय जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलायचं मोठं काम स्नायू करतात. स्नायू झिजले की साखर चढते, आणि मधुमेह हा डिमेन्शियाच्या ज्ञात कारणांपैकी एक आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 मध्ये अशी टाळता येण्याजोगी 14 कारणं मांडली. त्यांत मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि बैठी जीवनशैली या तिन्ही गोष्टी आहेत.

यासाठी जिमच हवी असं नाही. हात न टेकता खुर्चीतून उठबस, भिंतीवर हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, रबरी पट्टा एवढ्यावर सुरुवात होते. अट एकच: सोपं वाटू लागलं की भार वाढवायचा. वर्षभर त्याच अर्ध्या लिटरच्या बाटल्या उचलत राहिलं, तर वरचे निष्कर्ष आपल्याला लागू होत नाहीत. आणि रक्तदाब असेल तर उचलताना श्वास रोखू नये.

योगासनं

इथे पुरावा आशादायक आहे, पण तोकडा. इलिनॉय विद्यापीठात 118 ज्येष्ठांवर आठ आठवड्यांचा हठयोगाचा प्रयोग झाला आणि कामापुरतं मनात धरून ठेवण्याची स्मृती सुधारली. लॉस एंजेलिसमधला बारा आठवड्यांचा अभ्यास तर 25 जणांचाच होता. योगाचा खरा लाभ मला झोप, ताण आणि मनाची धास्ती यांत दिसतो. ज्याला "मला काहीतरी होतंय" या काळजीनंच काही आठवत नाही, त्याच्यासाठी तो मोठाच आहे. पण संथ आसनांनी चालण्याची जागा भरून निघेल असं मी म्हणणार नाही. ओळीनं, दम लागेल अशा लयीत घातलेले सूर्यनमस्कार मात्र चालण्याच्या जवळ जातात. काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन टाळा. हाडं ठिसूळ असतील तर पुढे खोल वाकणंही नको.

फुगडी, झिम्मा, लेझीम

न्यूयॉर्कमध्ये पंचाहत्तरीपुढच्या 469 जणांची काही वर्षं नोंद ठेवली गेली. शारीरिक हालचालींपैकी एकट्या नृत्याचा संबंध डिमेन्शियाच्या कमी धोक्याशी जुळला. अर्थात ज्यांचा मेंदू धडधाकट तेच नाचत राहतात, हीही शक्यता आहे. जर्मनीत माग्डेबुर्गला दीड वर्षाचा छोटा प्रयोग झाला. तिथे सतत नवनव्या पदन्यासांची मालिका शिकणारे आणि नेहमीचे दमसासाचे व्यायाम करणारे, दोघांचाही हिप्पोकॅम्पस वाढला. तोल सुधारला तो नाचणाऱ्यांचा.

हे वाचताना मला मंगळागौरीची मंडळं डोळ्यांपुढे येतात. गाणं पाठ हवं, पाऊल चुकता कामा नये, जोडीदारणीची लय धरायची, पुढचा खेळ कोणता ते ध्यानात ठेवायचं. दमसास, तोल, आठवण आणि सोबत एकाच तासात. म्हणून दर वर्षी तेच खेळ त्याच क्रमानं करण्यापेक्षा नवा पिंगा, नवी गाणी घ्यावीत. गुडघे कुरकुरत असतील तर बसफुगडी सोडून द्या आणि झिम्म्यात राहा.

अपेक्षा किती ठेवायची

हे सांगितल्याशिवाय तुलना प्रामाणिक होणार नाही. अमेरिकेत 70 ते 89 वयाच्या, बैठं आयुष्य असलेल्या 1,635 जणांना दोन वर्षं नियमित व्यायाम दिला. ज्यांना फक्त आरोग्यविषयक वर्ग दिले होते, त्यांच्यापेक्षा व्यायाम करणाऱ्यांची आकलनक्षमता काही वेगळी निघाली नाही. ब्रिटनमध्ये डिमेन्शियाचं निदान झालेल्या 494 जणांच्या प्रयोगात शरीराची क्षमता वाढली, बुद्धीची घसरण मात्र थांबली नाही. म्हणून निदान झालेल्या आईवडिलांना "चाला, म्हणजे आठवेल" असं म्हणून हिणवू नका. त्यांच्यासाठी व्यायाम हवा तो अंगात त्राण राहावं आणि मन रमावं म्हणून. फिनलंडमध्ये 60 ते 77 वयाच्या 1,260 जणांना व्यायाम, आहार, बौद्धिक सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं, तेव्हा दोन वर्षांत फरक पडला.

मग ठरवायचं कसं

आज काहीच करत नसाल तर भरभर चालण्यापासून सुरू करा. वर्षानुवर्षं रोज चालत असाल, तर आणखी एक फेरी वाढवण्यापेक्षा आठवड्यातले दोन दिवस वजनांना द्या. तुमचा खरा फायदा आता तिथे आहे. एकट्यानं चार दिवसांत सगळं सुटतं अशांनी गट शोधावा, मग तो मंगळागौरीचा असो की ज्येष्ठ नागरिक संघातला लेझमीचा. गुडघे चालू देत नसतील तर जागच्या जागी चालवायची सायकल घ्या. पावसाळ्यात निसरड्या फुटपाथवर हट्टानं जाऊ नका, कारण डोक्याला बसणारा मारही लॅन्सेट आयोगाच्या त्या 14 कारणांत आहे. त्या दिवसांत जिना किंवा घरातले सूर्यनमस्कार चालतील.

छातीत दडपण येत असेल तर काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर पहाटे उपाशीपोटी भरभर चालायला निघण्यापूर्वी त्यांच्याशी बोला आणि खिशात खडीसाखर ठेवा. वजनांसाठी पहिल्या दोन-चार वेळा फिजिओथेरपिस्टकडून उठबस नीट शिकून घ्या. खुर्चीची उंची थोडी वाढवली तरी दुखरा गुडघा पुष्कळदा साथ देतो.