काकडू नॅशनल पार्क डे ट्रिप (ऑस्ट्रेलिया, डार्विनहून): बऱ्याच महिन्यांनी लिहितोय, रेटिंग बदललंय

मेव्हणी यंदा जुलैत जायचं म्हणतेय, तीच टूर बुक करू का विचारत होती, म्हटलं एकदाच काय ते लिहून टाकू. मागच्या जुलैत आम्ही चौघं गेलेलो, मी, बायको आणि नाशिकहून आलेले आई-बाबा. कंपनीचं नाव देत नाही.

आधी पैशाचं. तिकीट माणशी तीनशे डॉलरच्या पुढे, जेवण-बोट सगळं इन्क्लुडेड हे मोठ्या अक्षरात आणि पार्क पास वेगळा हे तळाला मुंगीएवढ्या अक्षरात. ड्राय सीझनला मोठ्या माणसाला ४० डॉलर, म्हणजे आमचे १६०. आणि पास किती दिवसांचा, तर ७! रात्री हे आम्हाला डार्विनला आणून सोडणार, उरलेल्या सहा दिवसांचं काय लोणचं घालू? नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे तिथल्याच प्रांतात, राहणाऱ्यांना एन्ट्री फुकट, त्यामुळे ड्रायव्हरला आमचं दुःख कळतच नव्हतं. वर ज्यांनी ऑनलाइन काढला नव्हता त्यांच्यासाठी बोवाली व्हिजिटर सेंटरला रांग, तिथे गेलेला वेळ कापला कुठून तर नौरलँजीच्या खडकचित्रांतून.

आणि नेमकी तीच जागा घाईत बघायची नाही हो. खडकावर नामारगोन आहे, तिथल्या मूळ रहिवाशांच्या कथांमधला वीज पाडणारा, गुडघ्याला-कोपराला दगडी कुऱ्हाडी बांधलेल्या, त्या आपटल्या की गडगडाट. आता दिसतात ती चित्रं १९६० च्या दशकात नायोंबोल्मी नावाच्या चित्रकाराने पुन्हा रंगवलेली, म्हणजे म्युझियमसारखं काच लावून जपलेलं प्रकरण नाही, चालू परंपरा. मी फोटो काढेपर्यंत ड्रायव्हर घड्याळ दाखवायला लागला.

यलो वॉटर नावाच्या पाणथळीतली बोट मात्र पैसा वसूल. गाइड तिथलीच, बिनिंज या मूळ रहिवासी लोकांपैकी बाई, बोलणं कमी पण हाताने दाखवेल तिथे काहीतरी असणारच. खाऱ्या पाण्यातली मगर काठावर तोंड उघडून पडलेली, ती कोणाला घाबरवत नाही, अंग थंड करते म्हणे. १९७१ पर्यंत कातड्यासाठी मारून मारून जवळजवळ संपवल्या होत्या, मग कायद्याने शिकार बंद झाली, आता पाण्यात हात घालायची सोय नाही. आईचं लक्ष मगरीकडे नव्हतंच. तिकडे ज्याला रेड लिली म्हणतात ते म्हणजे आपलं कमळ, तेच, आणि त्याच्या बिया बिनिंज लोकही खातात कळल्यावर आई आणि ती गाइड, एकीला इंग्लिश येत नाही एकीला मराठी, मखाना-कमळगट्ट्यावर हातवारे करत सुटल्या. बाबांना लांबवर रानम्हैस दिसली. एकोणिसाव्या शतकात बाहेरून आणलेल्या, मोकाट सुटल्या. बाबा म्हणे, "एवढे डॉलर मोजून म्हशी दाखवायला आणलंस होय रे?"

घरी आल्या आल्या चिडून २ स्टार दिले होते. मग रिफंडच्या मेलामेलीत पार्कचे नियम वाचत बसलो तर कळलं, जमीन बहुतांश अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे मूळ रहिवासी, मालकांची, पार्कला लीजवर दिलेली, २०२२ मध्ये आणखी मोठा भाग त्यांच्या नावावर परत झाला, आणि पार्कच्या कमाईतला हिस्सा त्यांना जातो. मग ४० डॉलरबद्दल माझी काही तक्रार उरली नाही. तक्रार लपवण्याबद्दल आहे, ती आहेच, टाका ना बाबा तिकिटातच, आम्ही काय पळून जाणार होतो? तर आता साडेतीन. बोटीचे तीन, उरलेला अर्धा नामारगोनचा.

मेव्हणीला सांगितलंय पार्कमधल्याच जाबिरू गावात एक रात्र तरी राहा, एका दिवसात जाऊन-येऊन पाचशेच्या वर किलोमीटर बस होते, बाबांची कंबर दोन दिवस धरली होती. आणि स्वस्त पडतं म्हणून पावसाळ्यात जाऊ नका, तेव्हा पास २५ ला मिळतो पण उबिर या दुसऱ्या खडकचित्रांच्या जागेचा रस्ता पाण्याखाली जातो.

कंपनीने रिफंड दिला नाही, दहा टक्क्यांचं व्हाउचर पाठवलंय, त्याच टूरवर चालणारं. दुसऱ्याच्या नावावर होतं का विचारलंय, अजून उत्तर नाही. झालं तर मेव्हणीला देईन, पास तिचा तिने काढावा.