एक्सेलमधली यादी नकाशावर: गुगल माय मॅप्स की क्यूजीआयएस?

सोलापुरातल्या चादरीच्या व्यापाऱ्याला आपले दुकानदार नकाशावर बघायचे असतात, सांगोला-मंगळवेढ्यात पाणलोटाचं काम करणाऱ्यांना विहिरी. शीट दोघांकडे तयार असते. अडतं ते ती नकाशात चढवताना. माय मॅप्स (ब्राउझरमध्ये चालणारं गुगलचं नकाशे बनवायचं साधन) आणि क्यूजीआयएस (संगणकावर बसवायचं नकाशांचं सॉफ्टवेअर) दोन्ही फुकट आहेत, त्यामुळे निवड पैशावरून करायची नाही. शीटमध्ये पत्ते आहेत की अक्षांश-रेखांश, यावरून करायची.

नुसते पत्ते असतील तर माय मॅप्स घ्या. फाइल चढवून पत्त्याचा रकाना दाखवला की ते स्वतः जागा शोधतं. क्यूजीआयएसमध्ये फाइल उघडताना हे होत नाही, वेगळं करावं लागतं. जे पत्ते सापडले नाहीत ते माय मॅप्स सांगतं आणि तक्ता उघडून तिथल्या तिथे दुरुस्तही करू देतं. खरा धोका चुकीच्या गावी बसलेल्या पत्त्याचा. नवी पेठ सोलापुरात आहे तशी पुण्यातही आहे. मंगळवार पेठ तर सोलापूर, पुणे, कोल्हापूर तिन्हीकडे. अशा वेळी कुठलीही सूचना येत नाही. म्हणून पत्त्याच्याच रकान्यात शहर, राज्य आणि पिनकोड लिहा, आणि आयात झाल्यावर नकाशा लहान करून कुठलं टिंब भरकटलंय का ते बघा. मर्यादा एका थराला (लेयरला) २००० ओळींची आहे. दुकानांच्या यादीला ती पुरते.

अक्षांश-रेखांश हाताशी असतील तर मी क्यूजीआयएसच सुचवेन. सोलापूरचा अक्षांश साधारण १७.६६, रेखांश ७५.९१. आपण सवयीने अक्षांश आधी बोलतो, पण क्यूजीआयएसमध्ये एक्सच्या जागी रेखांश आणि वायच्या जागी अक्षांश द्यायचा असतो. उलट झालं की सोलापूर थेट स्वालबार्डच्या दक्षिणेला, आर्क्टिकच्या समुद्रात जाऊन पडतं. टिंबं दिसतच नसतील तर आधी तिकडे शोधा. सर्व्हेवाल्याने सहा आणि सात अंकी आकडे दिले असतील तर ते बहुधा अंशांऐवजी मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या यूटीएम पद्धतीतले आहेत. क्यूजीआयएसमध्ये आकड्यांची पद्धत सांगणारा ईपीएसजी कोड ४३२६ (अक्षांश-रेखांशाचा) ऐवजी ३२६४३ (आपल्या भागातल्या यूटीएमचा) निवडला की ते जागेवर बसतात. माय मॅप्सला असे आकडे चालत नाहीत.

तालुकावार रंग भरायचे असतील तर माय मॅप्सचा विचारच सोडा. क्यूजीआयएसमध्ये तालुक्यांच्या हद्दींना आपली शीट जोडता येते, फक्त दोन्हीकडचं नाव तंतोतंत एक हवं. अकरा तालुक्यांपैकी हमखास अडणारे दोन: एकीकडे 'उत्तर सोलापूर', दुसरीकडे 'सोलापूर उत्तर', आणि दक्षिणचंही तेच. नावामागे राहिलेली मोकळी जागा डोळ्यांना दिसत नाही, पण जोडणी तोडते. एक्सेलमधलं ट्रिम (TRIM) हे सूत्र ती काढून टाकतं. जमत असेल तर नावाऐवजी जनगणनेचा कोड वापरा, आणि तो दोन्हीकडे मजकूर म्हणूनच ठेवा.

मराठी मजकुराचा घोळ दोन्हीकडे सारखाच. शीट साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या मजकूर-फाइलीत) साठवली तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. साठवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच पर्याय निवडा. पण जुनी यादी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर तेवढ्याने भागत नाही, ती आधी युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरांत) बदलून घ्यावी लागते. अक्षांश-रेखांशाचे आकडे मात्र इंग्रजी अंकांतच असू द्या.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माय मॅप्समध्ये टिंबावर टिचकी मारली की शीटमधले सगळे रकाने उघडे पडतात, लाभार्थ्यांचे मोबाइल नंबरसुद्धा. क्यूजीआयएसमध्ये फाइल आपल्याच संगणकावर राहते. माय मॅप्सची लिंक ग्रुपवर टाकायची असेल, तर नंबरांचा रकाना उडवलेली वेगळी शीट करा आणि तीच चढवा.