तोट्याची भरपाई: रोख की मुदत?

मोठ्या शेजाऱ्याच्या सीमाशुल्क संघात (आपसात शुल्क नाही, बाहेरच्या मालावर सगळ्यांचं एकच शुल्क) लहान देश शिरला की फायद्याचा मोठा वाटा शेजाऱ्याकडे जातो. ही तूट कशी भरायची यावर कराराचा मसुदा किंवा प्रबंध लिहिणाऱ्याने आफ्रिकेतले दोन नमुने शेजारी ठेवून पाहावेत. दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, नामिबिया, लेसोथो आणि इस्वातिनी यांचा साकू हा संघ रोख पैसे देतो. पूर्व आफ्रिकी समुदायाने २००५ मध्ये मुदत दिली, म्हणजे लहान देशांना मोठ्या शेजाऱ्याच्या मालावर काही वर्षं शुल्क घेत राहू दिलं.

साकूच्या २००२ च्या करारात अबकारीच्या उत्पन्नातले ८५ टक्के जीडीपीच्या प्रमाणात वाटतात. उरलेले १५ टक्के विकासासाठी, त्यात गरिबाला थोडं झुकतं माप. इथवर तक्रार नाही. ग्यानबाची मेख सीमाशुल्कात आहे. त्या उत्पन्नातला प्रत्येक देशाचा वाटा ठरतो त्याने संघातल्या इतर देशांकडून किती आयात केली यावर. लेसोथोने साबण दक्षिण आफ्रिकेतून आणला तर वाटा वाढतो, तोच घरी बनवायला घेतला तर घटतो. कारखाने शेजाऱ्याकडे गेले म्हणून भरपाई, आणि स्वतःचा कारखाना काढला की भरपाईला कात्री! माझ्या मते तराजू इथेच झुकतो.

शिवाय हप्ते अंदाजावर दिले जातात आणि प्रत्यक्ष वसुलीशी मेळ दोन वर्षांनी घातला जातो. २००९ च्या मंदीत वसुली आटली, वर आधी जास्त दिलेलेही वळते झाले. तेव्हाच्या स्वाझीलंडची, म्हणजे आजच्या इस्वातिनीची, तिजोरी निम्म्याहून अधिक याच पैशावर चालायची. २०११ मध्ये तिथे पगारांची पंचाईत झाली. (आपल्याकडे जीएसटीची भरपाई राज्यांना पाच वर्षांपुरती होती. साकूत अशी मुदतच नाही.)

पूर्व आफ्रिकेत मोठा भाऊ केनिया. युगांडा-टांझानियाचा माल केनियात पहिल्या दिवसापासून शुल्कमुक्त झाला, पण केनियाच्या ठरावीक मालावर ते दोघे शुल्क घेत राहिले. युगांडाचा दर १० टक्क्यांपासून दरवर्षी दोनने उतरत २०१० मध्ये शून्यावर आला. उणीव अशी की दर कॅलेंडर पाहून उतरतो. दरम्यान कारखाना उभा राहिला का, हे कोणी विचारत नाही. आणि शुल्क संपलं तरी इतर अडसर राहतातच. मार्च २०२१ मध्ये केनियाने अफ्लाटॉक्सिनचं (बुरशीच्या विषाचं) कारण देऊन दोन्ही शेजाऱ्यांचा मका रोखला होता.

या उणिवेवर तोडगा तिथल्याच १९६७ च्या करारात होता. कारखानी मालाच्या व्यापारात तूट असलेल्या देशाला 'हस्तांतरण कर' लावता येई: बाहेरच्या देशांच्या मालावरच्या शुल्काच्या निम्म्यापर्यंत, जास्तीत जास्त आठ वर्षं. मुख्य अट अशी की तसा माल त्या देशात बनत असावा किंवा तीन महिन्यांत बनू लागेल अशी रास्त अपेक्षा असावी. त्या कराराचा जुना समुदाय १९७७ मध्ये मोडला, पण त्याचं खापर या कलमावर फोडणं बरोबर नाही.

जिथे बाजारपेठच इतकी लहान की कारखाना तगणार नाही, तिथे साकूसारखी रोख भरपाई घ्यावी लागेल. तसं असेल तर वाटा आयातीऐवजी लोकसंख्येला जोडून मागावा. इतरांनी मात्र २००५ ची उतरत्या शुल्काची पद्धत घ्यावी, तिला १९६७ ची उत्पादनाची अट जोडावी आणि पुढची पायरी उतरण्याआधी ती अट तपासण्याचं कलम घालावं.