गड्ड्यातली चिनीमातीची दुकानं: घ्या, पण वाजवून घ्या

यंदा बऱ्याच वर्षांनी संक्रांतीला सोलापुरात होते, म्हणजे गड्ड्याला, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला, जाणं आलंच. तेराला अक्षता, चौदाला होम, पंधराला शोभेचं दारूकाम, हे सगळं बघितलंच पण आमच्या घरातल्या बायकांचा गड्डा म्हणजे होम मैदानावरची कपबशांची दुकानं, आधी तिकडं मग पाळणे न भजी. त्यामुळे रिव्ह्यू त्या दुकानांचाच लिहितेय, कारण दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं की तिथून क्रॉकरी घ्यावी का.

घ्यावी. पण सगळीच नाही.

लहानपणी ही दुकानं म्हणजे खाली ताडपत्री आणि त्यावर पेंढ्याचा ढीग, त्यात अर्ध्या बुडालेल्या बशा. दुकानदार उकिडवा बसून दोन कप एकमेकांवर टणटण वाजवत ओरडायचा, आई आमची हिंदी-मराठी मिसळून भाव करायची, "भैया बरोब्बर सांगा, आम्ही दरसाल येते." घरी आलं की पेंढा झटकून एकेक बशी बाहेर काढायचं काम माझं, हाताला ते बारीक कुसळ टोचायचं आणि स्वयंपाकघरभर सुक्या गवताचा वास यायचा. वाणाच्या वाट्या पण इथूनच, दोन डझन, कारण रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालायचं. आजी म्हणायची सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचा हट्ट धरणारी कुंभाराचीच लेक, तिचं लग्न त्यांच्या योगदंडाशी लागलं आणि त्याच लग्नाच्या अक्षता आपण टाकतो, मग कुंभाराच्या लेकीच्या लग्नात भांड्यांचं दुकान नको का. मला ते लहानपणी एकदम पटलेलं आणि अजूनही पटतं.

आता पेंढा गेला, हिंदी पेपर आणि पुठ्ठे आले, क्यूआर कोड लटकलेला असतो. माल विचाराल तर बहुतेक जण खुर्जाचा सांगतात, उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यातलं ते गाव चिनीमातीसाठीच प्रसिद्ध आहे. ढिगात जो स्वस्त माल असतो तो बऱ्याचदा सेकंडचा, म्हणजे कुठे ग्लेझला, वरच्या काचेसारख्या थराला, टाचणीएवढं भोक, कुठे काठ जरासा वाकडा. त्यात वाईट काही नाही, रोजच्या चहाला मस्त चालतात, फक्त निवडायला वेळ हवा. कप तळहातावर मोकळा ठेवायचा आणि पेनाने किंवा बांगडीने हळूच टिचकी मारायची, खणखणीत वाजला तर चांगला आणि बद्द वाजला की समजायचं कुठेतरी केसाएवढी चीर आहे, मग डोळ्याला दिसो न दिसो, ठेवून द्या. बशी सपाट फळीवर ठेवून बोटाने एका कडेला दाबायची, डुगडुगली की नको. आणि कपाच्या बुडाची बिनग्लेझची कड खरखरीत असेल तर टेबलावर, ट्रेवर ओरखडे पडतात, ते दुकानातच बघून घ्या.

आता तक्रार. काही वर्षांपूर्वी इथल्याच एका स्टॉलवरून बोन चायना म्हणून डिनर सेट घेतला होता. दोन महिन्यांत फुलं पुसट झाली. नंतर कळलं, चित्र ग्लेझच्या वर चिकटवलेलं असलं की बोटाला उठाव लागतो आणि घासून घासून ते निघतं, ग्लेझच्या खालचं चित्र गुळगुळीत लागतं आणि टिकतं. खरा बोन चायना पातळ असतो, उजेडासमोर धरून मागे बोट नेलं तर बोटाची सावली दिसते, माझ्या ताटातून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आणि सोनेरी काठाचं काहीही मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, ठिणग्या उडतात. मला विकणाऱ्याने हे सांगायला हवं होतं, त्याचा राग अजून आहे. म्हणून डिनर सेट इथे घेऊ नका असंच सांगेन, बिल नाही, बदलून कोण देणार.

पण बरणी. लोणच्याची, वरून तपकिरी खालून पांढरट, ती मात्र गड्ड्यातूनच घ्यावी. आईची बरणी माझ्यापेक्षा मोठी आहे वयाने आणि लिंबाचं लोणचं त्यातच मुरतं, स्टीलला आंबट न मीठ लागतं, प्लॅस्टिकला वास धरतो, चिनीमातीला काहीच होत नाही. यंदा मी स्वतःसाठी दोन किलोची शोधत होते. दुकानदार म्हातारा होता, साडेतीनशे म्हणाला, अडीचशेला दिली, आणि देताना मोबाईलच्या बॅटरीचा उजेड आत टाकून म्हणाला, "देखो अक्का, अंदर देखो." आत तळाशी ग्लेझ सुटलंय का ते दाखवत होता, कारण तिथे कच्ची माती उघडी राहिली की मिठाचं पाणी मुरतं. पहिल्या बरणीत नखाएवढा डाग निघाला तर त्यानेच बाजूला ठेवली, दुसरी काढली. मग झाकणं. पाच झाकणं बसवून बघितली त्याने, हात फिरवत फिरवत, सहावं नीट बसलं. इतकं मन लावून मॉलमध्ये मला कोणीच काही विकलेलं नाही.

जायचं तर दुपारी जा, मुख्य दिवसांच्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, निवडणं तर सोडाच. मुख्य दिवस संपले तरी स्टॉल बरेच दिवस असतात, शेवटी शेवटी भाव पण उतरतो कारण फुटणारा माल परत न्यायला कोणालाच नको असतो, फक्त तोवर चांगल्या बरण्या गेलेल्या असतात. जुनी चादर सोबत न्या, पेपरचं पॅकिंग फार पातळ करतात.

घरी आल्यावर आईने किंमत नंतर विचारली, आधी बरणी पुढ्यात घेऊन झाकण दोनदा फिरवून बघितलं आणि म्हणाली, "बसतंय की."